पंडिता रमाबाईंनी केडगावच्या बायकांच्या हातात सुई का दिली?

केडगाव म्हटलं की नगरकरांना पुणे रस्त्यावरचं, शहराला लागून असलेलं केडगाव आठवतं. पंडिता रमाबाईंचं केडगाव मात्र ते नव्हे. ते पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर आहे. नाव एकच असल्यामुळे गल्लत होते.

सव्वाशे वर्षांपूर्वी या केडगावात दुष्काळातून वाचलेल्या शेकडो मुली आणि बायका शिवण, भरतकाम, विणकाम, शेती आणि छपाई शिकत होत्या. हे सगळं उभं करणाऱ्या रमाबाई त्याआधी इंग्लंडमधल्या एका मठात राहून आल्या होत्या. चर्चसाठी केल्या जाणाऱ्या भरतकामात त्या मठाचं नाव होतं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. पुराणं सांगत हे कुटुंब देशभर पायी फिरायचं. दुष्काळात आई-वडील आणि मोठी बहीण गेली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंचं संस्कृत ऐकून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. दोन वर्षांच्या आत पती गेले. मांडीवर लहानगी मनोरमा होती आणि वय होतं अवघं तेवीस.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, स्त्री धर्म नीति हे पुस्तक लिहिलं. डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये लेकीला घेऊन इंग्लंड गाठलं. पुण्यात काम करणाऱ्या जोगिणींची ओळख झाली होती, त्यांचाच मूळ मठ वाँटेज गावात होता. ऐकू कमी यायला लागल्यामुळे डॉक्टरकीचं स्वप्न मागे पडलं. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी तिथे बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात या धर्मांतरावरून मोठी खळबळ उडाली.

वाँटेजसारख्या मठांतल्या भरतकामामागे जुना इतिहास होता. तेराव्या-चौदाव्या शतकात इंग्लंडचं भरतकाम युरोपभर नावाजलेलं होतं. लॅटिनमध्ये त्याला ओपस अँग्लिकानम, म्हणजे इंग्लिश काम, म्हणत. धर्मगुरूंच्या विधीच्या झग्यांवर रेशीम आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या तारेने संत, देवदूत, बायबलमधले प्रसंग भरलेले असायचे. खुद्द पोपच्या खजिन्यात असे झगे होते.

त्याची खुबी टाक्यात होती. जरीचा धागा कापडावर अंथरायचा आणि मागून दुसऱ्या मजबूत धाग्यात अडकवून त्याचा बारीकसा फास मागच्या बाजूला ओढायचा. त्यामुळे धरून ठेवणारा धागा पुढून दिसत नाही आणि जरीने भरलेला झगाही अंगावर सहज वळतो. १३०० ते १३२० च्या दरम्यानचा असा एक झगा, सायन कोप, आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. लंडनच्या कारखान्यांत हे काम करणाऱ्या बायका-पुरुषांपैकी फार थोड्यांची नावं उरली.

१३४८ च्या प्लेगनंतर ही कला उतरणीला लागली. सोळाव्या शतकात इंग्लंड पोपपासून वेगळं झालं, तेव्हा असंख्य झगे फाडले गेले, कित्येक सोन्यासाठी जाळले गेले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या चर्चमधल्या एका गटाने जुने विधी आणि जुनी सजावट परत आणायला सुरुवात केली, तेव्हा मठांमधल्या जोगिणींनी पुन्हा सुई हातात घेतली. १८४८ मध्ये स्थापन झालेलं वाँटेज त्यातलंच एक.

रमाबाई तिथे भरतकाम शिकायला गेल्या नव्हत्या. पण चर्चचं सगळं वैभव मुकाट्याने मान्य करणं त्यांना जमलं नाही. लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस घालायचा प्रश्न आला तेव्हा त्या अडल्या. लॅटिन ना आपल्याला येते, ना आपल्या देशातल्या लोकांना. मग अक्षरं संस्कृतात का नकोत, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या गुरू सिस्टर जेराल्डिन यांच्याशी यावरून पत्रांमधून वाद झाले. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवायला भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हाही त्या भांडल्या. धर्म स्वीकारला म्हणजे विचार करायचा हक्क सोडला, हे त्यांना मान्य नव्हतं.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे व्याख्यानं देऊन आणि पुस्तक लिहून विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. मुलींना ख्रिस्ती केलं जातंय या आरोपावरून १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या आणि मोठ्या समाजसुधारकांनीही पाठिंबा काढला.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांना केडगावच्या जमिनीवर हलवलं. हेच मुक्ती. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. भिक्षेवर जगलेल्या आणि दुष्काळात घर गमावलेल्या रमाबाईंना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. आसरा कधीही सुटू शकतो, हातातलं कसब सुटत नाही. म्हणून अक्षरओळखीबरोबर प्रत्येकीला एखादं काम. वाँटेजमध्ये सुई वेदीच्या शोभेसाठी चालायची, केडगावात ती पोटासाठी चालली.

लॅटिनचा तो जुना वादही त्या विसरल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल साध्या मराठीत आणलं. त्याचे खिळे जुळवले, पानं छापली ती मुक्तीतल्याच बायकांनी.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. भाषांतर तोवर हातावेगळं झालं होतं, छापील पुस्तक १९२४ मध्ये आलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.