रविवार मिळवून देणारे लोखंडे

मैत्रिणींनो, रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली असं आपण सर्रास म्हणतो. कचेऱ्यांना ती तशीच मिळाली, पण गिरणी कामगारांना भांडावं लागलं. त्या भांडणाचे पुढारी होते नारायण मेघाजी लोखंडे.

1848 मध्ये त्यांचा ठाण्यात जन्म झाला. घरची गरिबी, शिक्षण बेताचंच. रेल्वे, पोस्ट अशा नोकऱ्या करून ते मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तेव्हा गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत यंत्रं चालायची, म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. बायकांना त्याआधी उठून चूलही पेटवावी लागायची. झोप अपुरी अन् समोर फिरते पट्टे! हात सापडला की माणूस घरी अन् मजुरी बंद.

महात्मा फुल्यांचे हे सत्यशोधक शिष्य 1880 पासून मुंबईत ‘दीनबंधु’ चालवत होते. 1884 मध्ये त्यांनी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती ही, की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा.

आपल्या कडा-आष्टीच्या बायका दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पहाटे कोपीत भाकरी, दिवसभर तोडणी, रात्री गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं, डोळ्यांवर झापड असली तरी. पाय घसरून पडली तर पगार सोडाच, उलट खाडा लागतो!

24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन बायकाही त्या सभेत बोलल्या. त्या काळी, बरं का! शेवटी 10 जून 1890 ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने गिरणीतल्या बायकांचं काम दिवसाला 11 तासांवर आणलं. 1890 मध्येच लोखंड्यांनी न्हाव्यांना एकत्र करून विधवांचं केशवपन न करण्याचा ठरावही करवून घेतला.

मग मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळत असताना लोखंडे रुग्णांच्या सेवेला थांबले, आणि त्यांनाही लागण झाली. 9 फेब्रुवारी 1897 ला ते गेले. तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.