यमूची गोष्ट घराघरात पोचवणारे हरिभाऊ आपटे : आठवड्याला एक भाग आणि अख्खा महाराष्ट्र अस्वस्थ

साल होतं 1891. लंडनच्या 'ग्राफिक' साप्ताहिकात टॉमस हार्डीची 'टेस' ही कादंबरी दर आठवड्याला छापून येत होती. गरीब घरातली मुलगी, तिच्यावर झालेला अन्याय, प्रेम मिळतंय असं वाटत असतानाच ते हातातून निसटणं आणि शेवटी फाशी. घरातल्या बायकामुलांच्या हाती पडणाऱ्या अंकात हे चालणार नाही, म्हणून हार्डीला त्यातले काही प्रसंग गाळावे लागले होते.

नेमकं त्याच वर्षी पुण्यातल्या एका साप्ताहिकातही अशीच एक मुलगी वाचकांना रडवत होती. तिचं नाव यमू. कादंबरी होती 'पण लक्षात कोण घेतो' आणि लिहिणारा होता जेमतेम सत्तावीस वर्षांचा, डिग्री न मिळालेला तरुण. हरी नारायण आपटे.

हरिभाऊंचा जन्म 8 मार्च 1864 चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. चार वर्षांचे असतानाच आई गेली. पुढे ते वाढले काकांच्या एकत्र कुटुंबात, आधी मुंबईला आणि 1878 नंतर पुण्याला. काका म्हणजे महादेव चिमणाजी आपटे, हायकोर्टातले नावाजलेले वकील. संस्कृत पोथ्या जपणारा पुण्याचा आनंदाश्रम त्यांनीच काढला. पुतण्यानं मोठं शिकावं, वकील व्हावं, अशी घरची अपेक्षा असणार हे उघडच आहे.

पण पोरगा वाचनात बुडालेला. 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं आणि हरिभाऊ तिथे गेले. शिकवायला कोण? चिपळूणकर, टिळक, आगरकर. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' नावाचं भाषांतर केलं, तर या विद्यार्थ्यानं आपल्याच मास्तरांच्या पुस्तकावर लांबलचक टीका लिहून छापली. आजच्या भाषेत सांगायचं तर सरांनाच टॅग करून रिव्ह्यू टाकला. कॉलेजात मात्र गणितानं दगा दिला आणि पदवी राहिली ती राहिलीच.

पहिली कादंबरी 'मधली स्थिती' 1885 ची. तिचा सांगाडा रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाकडून घेतलेला होता. खरे हरिभाऊ दिसले ते 1890 मध्ये, 'करमणूक' सुरू झाल्यावर.

हे साप्ताहिक काढण्यामागे एक हिशोब होता. पुण्यात तेव्हा टिळकांचा 'केसरी' आणि आगरकरांचा 'सुधारक' एकमेकांवर तुटून पडत होते. दोघेही हरिभाऊंचे गुरू. संमतिवयाच्या कायद्यावरून तर आगच लागली होती. 1889 मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची अगदी कोवळ्या वयाची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीनं मेली. त्यानंतर सरकारनं मुलीचं संमतीचं वय 10 वरून 12 करायचं ठरवलं. आगरकर कायद्याच्या बाजूनं, तर परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून टिळक विरोधात. 1891 च्या मार्चमध्ये कायदा झाला, पण भांडण काही संपलं नाही.

हरिभाऊंचा कल आगरकरांच्या बाजूचा. तरी त्यांनी 'सुधारक'सारखे कोरडे ओढले नाहीत. घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः नुकत्या वाचायला शिकलेल्या बायकांनी, आवडीनं वाचावं असं काहीतरी त्यांना द्यायचं होतं. अग्रलेख वाचून चिडणारा माणूस गोष्ट मात्र वाचतोच, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. पुढचा भाग कधी येतो याची वाट बघणं विरार लोकलमध्ये मोबाइलवर वेब सिरीज बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

यमूची गोष्ट यमूच सांगते, आणि खरी कमाल तिथेच आहे. एका पुरुषानं लिहिलेलं असूनही माजघरातली कुजबुज, सासूचे टोमणे, नवऱ्याशी चारचौघांत बोलायची चोरी, हे सगळं आतून आल्यासारखं वाटतं. लहानपणी लग्न झालेल्या यमूला नवरा मात्र चांगला मिळतो. रघुनाथ तिला शिकवतो. मुंबईला दोघं वेगळा संसार मांडतात, हसतात, वाचतात. मराठी कादंबरीत नवरा-बायकोचं प्रेम इतक्या साधेपणानं यापूर्वी क्वचितच आलं असेल.

आणि मग रघुनाथ जातो. यमू पुन्हा पुण्याला, सासरच्या ताब्यात. घरातले शंकरमामंजी न्हावी बोलावून तिचं जबरदस्तीनं केशवपन करतात. त्यातून ती सावरत नाही.

हे काही लेखकानं हवेतून आणलेलं नव्हतं. विधवाविवाहाचा कायदा 1856 मध्येच झाला होता, पण उच्चवर्णीय घरांत वस्तरा चालूच होता. 'करमणूक' निघालं त्याच 1890 साली मुंबईत नाभिक समाजाची सभा भरली आणि विधवांचे केस कापायचे नाहीत असं ठरलं. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांना जे कळलं, ते शंकरमामंजींसारख्यांना कळत नव्हतं.

'पण लक्षात कोण घेतो' 1893 पर्यंत चालली. मग 'मी', 'यशवंतराव खरे', आणि शिवकाळात शिरून 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला'. दर आठवड्याचा अंक भरायचा म्हणजे पाल्हाळ आलाच, तो हरिभाऊंच्या पानापानांत आहे. काही कादंबऱ्या तर अर्ध्यावरच राहिल्या. शिवाय आनंदाश्रमाचा कारभार आणि नगरपालिकेचं काम होतंच. 1912 मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.

'करमणूक' 1917 मध्ये बंद पडलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, 3 मार्च 1919 रोजी, पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना हरिभाऊ गेले. 'पण लक्षात कोण घेतो'च्या आवृत्त्या अजूनही दुकानात मिळतात.