पाणी नागपूरचे, मीठ इंदूरचे

गुढीपाडवा आला की आमच्या बुलडाणा जिल्ह्यात सालगड्यांची बोलणी होतात. कोणता गडी कोणाकडे राहणार, मागच्या सालापेक्षा किती जास्त मागतो, पैशांवर ज्वारी किती, याची चर्चा पारावर रंगते. घरचे काम घरच्या माणसाने करावे असे म्हणणारा एखादा म्हातारा असतोच. बाकीचे त्याला विचारतात, बाबा, पण घरचा आहे कुठे?

नेमक्या याच सुमारास क्रिकेटचा मोसम संपतो आणि खामगाव-चिखलीच्या चहाच्या टपऱ्यांवर दुसऱ्या सालगड्यांची बोलणी सुरू होतात. कोण विदर्भ सोडून चालला, कोण येणार, कोणाला एनओसी मिळाली. कर्नाटकचा करुण नायर २०२३ मध्ये विदर्भाकडे आला, २०२५ च्या रणजी अंतिम सामन्यात केरळविरुद्ध शतक ठोकून तिसऱ्या विजेतेपदाला हातभार लावून गेला आणि पुन्हा कर्नाटकात परतला. त्याच वर्षी आपल्या शेजारच्या अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला. आयपीएलच्या २०२४ च्या लिलावात या जितेशवर अकरा कोटींची बोली लागली होती. मग वाद पेटतो. एक पक्ष म्हणतो, वसीम जाफर काय, करुण नायर काय, उसन्या माणसांच्या जिवावर जिंकलेला करंडक आपला कसा? दुसरा पक्ष म्हणतो, जाफर आल्यावर आपली पोरे खेळायला शिकली, ते कुठल्या हिशेबात धरायचे?

हा वाद मी बरीच वर्षे ऐकतो आहे. दोन्ही पक्षांना एक नाव मात्र आठवत नाही. विदर्भाने पहिला रणजी करंडक १ जानेवारी २०१८ रोजी जिंकला तो इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, हे सर्वांना पाठ आहे. पण त्याच्या कितीतरी वर्षे आधी नागपूरचा एक माणूस इंदूरकरांनी नेला होता आणि त्याच्या जिवावर चार वेळा हाच करंडक घरी आणला होता, हे कोणी सांगत नाही. त्या माणसाचे नाव कोट्टारी कनकैया नायडू. साऱ्या देशाचे सी. के.

सी. के. यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. घराणे तेलुगू बोलणारे, नागपुरात स्थिरावलेले, सुखवस्तू आणि शिकलेले. शिक्षण हिस्लॉप कॉलेजात झाले. उंच, ताठ, नजरेत जरब. १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदूंच्या संघातून ते युरोपियनांविरुद्ध उतरले आणि धावांचे खाते उघडले तेच षटकाराने. चेंडू जमिनीवरून खेळावा ही इंग्रजांची शिकवण होती. सी. के. यांनी ती ऐकली असावी, पण मनावर घेतली नाही!

त्या काळी मध्यप्रांत आणि वऱ्हाडात क्रिकेटवर पोट भरण्याची सोय नव्हती. आपला बुलडाणा जिल्हा तेव्हा त्याच वऱ्हाडात होता. खेळाला राजाश्रय होता तो संस्थानांत. १९२३ मध्ये इंदूरच्या होळकरांचे बोलावणे आले आणि सी. के. गेले. नोकरी होळकरांच्या सैन्यात, काम क्रिकेटचे. पुढे ते कर्नल झाले आणि त्या हुद्द्यानेच ओळखले जाऊ लागले. नागपूर हे माहेर झाले आणि इंदूर सासर. सासरचे मीठ त्यांनी मरेपर्यंत आळणी होऊ दिले नाही.

त्यांचे मोल देशाला कळले ते १ डिसेंबर १९२६ रोजी. आर्थर गिलिगनचा एम. सी. सी. संघ मुंबईच्या जिमखान्यावर हिंदूंशी खेळत होता. पाहुण्यांच्या गाय अर्लने आदल्या डावात आठ षटकार मारून लोकांचे डोळे दिपवले होते. सी. के. आले आणि त्यांनी ११६ मिनिटांत १५३ धावा केल्या, अकरा षटकार आणि तेरा चौकारांसह. बातमी शहरात पसरली तशी माणसे कामे टाकून मैदानाकडे धावली, झाडांवर आणि गच्च्यांवर चढली. इंग्रजी संघाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. भारताला कसोटीच्या पंक्तीला बसवायला हरकत नाही हे साहेबाला ज्या काही गोष्टींनी पटले, त्यांत हा डाव फार वरचा. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ उभे राहिले.

१९३२ मध्ये भारताचा संघ इंग्लंडला निघाला तेव्हा कर्णधार होते पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार लिंबडीचे घनश्यामसिंहजी. सी. के. नुसते खेळाडू! खेळ कोणाचा चांगला हा प्रश्नच नव्हता. राजघराण्याबाहेरच्या माणसाच्या हाताखाली संघ द्यायचा तरी कसा, हा प्रश्न होता. पण पोरबंदरकरांना एक श्रेय द्यायला हवे. आपल्याला खेळता येत नाही हे त्यांनी ओळखले आणि ते बाजूला झाले. लिंबडीकर दुखापतीमुळे बाहेर राहिले. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत नाणेफेकीला गेले ते नागपूरचे सी. के. नायडू. सामना १५८ धावांनी गेला. हाताला दुखापत होऊनही सी. के. यांनी पहिल्या डावात ४० धावा केल्या, त्या डावातल्या सर्वांत जास्त. त्या दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १६१८ धावा काढल्या, ६५ बळी घेतले, आणि विस्डेनने त्यांना वर्षाच्या पाच क्रिकेटपटूंत निवडले.

एवढे झाल्यावर १९३६ च्या दौऱ्याचे कर्णधारपद त्यांच्याकडे चालत यायला हवे होते. १९३३-३४ मध्ये जार्डिनच्या संघाविरुद्ध तेच कर्णधार होते. पण पद गेले विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी, यांच्याकडे. विझींना खेळाडू जमवण्याचे मोठे वेड. १९३०-३१ मध्ये त्यांनी आपल्या खासगी संघात हॉब्ज आणि सटक्लिफ ही इंग्लंडची विख्यात जोडी आणली होती. माणसे विकत घेता येतात हे त्यांना ठाऊक होते, ती सांभाळावी लागतात हे मात्र नव्हते. त्या दौऱ्यात संघात सरळ दोन तट पडले. लाला अमरनाथला अर्ध्यावरून घरी पाठवले. सी. के. यांचा न्याहारीच्या टेबलावर अपमान करणाऱ्या एकाला बक्षीस म्हणून कसोटीची टोपी मिळाली, असे तेव्हापासून बोलले जाते. विझींनी स्वतः तीन कसोट्यांत मिळून ३३ धावा केल्या. ऑगस्टमध्ये ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत गबी ॲलनचा चेंडू अंगावर बसल्यानंतरही सी. के. उभे राहिले आणि त्यांनी ८१ धावा काढल्या. तोच त्यांचा कसोटीतला शेवटचा डाव ठरला. नंतर युद्ध आले आणि सगळेच थांबले.

सात कसोट्या, ३५० धावा, सरासरी २५, बळी नऊ. आजच्या लिलावात संगणकापुढे हे आकडे ठेवले तर बोली मूळ किमतीच्या पुढे सरकणार नाही. टपरीवरच्या माझ्या मित्रांपुढे हा कागद मी नाव झाकून ठेवला, तर तेही दुसरा खेळाडू बघू म्हणतील. सी. के. यांची खरी किंमत या कागदावर नाहीच. ती इंदूरला आहे.

यशवंतराव होळकरांचा पैसा आणि सी. के. यांची नजर यांतून जो संघ उभा राहिला, त्याच्या तोडीचा संघ त्या काळी मुंबईचाच. त्याची जमवाजमव बघण्यासारखी आहे. मुश्ताक अली इंदूरचाच. पोरसवदा असताना सी. के. यांनी हेरला आणि आपल्यासोबत खेळायला नेला. चंदू सरवटे सागरचा, मध्यप्रांत आणि वऱ्हाडकडून रणजी खेळलेला. डावखुरा हिरालाल गायकवाड नागपूरचा, तोही त्याच संघातला. म्हणजे आपल्या प्रांताच्या संघातली दोन चांगली माणसे इंदूरने उचलली! पुण्या-कोल्हापूरकडच्या मैदानांवर गाजलेले भाऊसाहेब निंबाळकर आले, भांडारकर आले. धाकटे बंधू सी. एस. तर घरचेच. मार्च १९४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध या संघाने आठ बाद ९१२ धावांवर डाव सोडला. एका डावात सहा शतके, त्यांतले एक पन्नाशीतल्या कर्णधाराचे. पुढे अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध याच कर्णधाराने २०० धावा काढल्या आणि करंडक पहिल्यांदा इंदूरला आला.

त्याआधीच्या वर्षी तर त्यांनी महूच्या लष्करी छावणीत असलेल्या इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टनलाच संघात घेतले. १९४४-४५ चा तो मुंबईविरुद्धचा अंतिम सामना म्हणजे धावांची जत्राच होती. चार डावांत २०७८ धावा. विजय मर्चंटच्या २७८. सी. एस. नायडूंनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले. कॉम्प्टन नाबाद २४९, तरी होळकर हरले. शंभराच्या पुढच्या प्रत्येक धावेला रोख पैसे देईन, असे इंदूरच्या एका धनिकाने कॉम्प्टनला कबूल केले होते. सामना संपला तेव्हा शेठजी गावात नव्हते, कामानिमित्त कलकत्त्याला गेल्याची चिठ्ठी तेवढी हाती आली. ही गोष्ट कॉम्प्टन पुढे आयुष्यभर हसत सांगत असे. बोली लावणारे तेव्हाही असेच होते.

१९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि चारदा जिंकला. यांतल्या आठ फेऱ्या सी. के. यांच्या काळातल्या. पैसा तर बडोद्याकडेही होता. पण इंदूरला शिस्त लष्करी. चेंडू लागला तर ती जागा चोळायची नाही, कळ चेहऱ्यावर दिसता कामा नये. पन्नाशी उलटल्यावर मुंबईच्या दत्तू फडकरचा चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले, तर दात बॅटने बाजूला सारून त्यांनी पुन्हा पवित्रा घेतला, आणि गोलंदाजाने दयेने वेग कमी केला म्हणून ते उलट चिडले, असे सांगतात. मला स्वतःला या शिस्तीचे कौतुक आहे तशी थोडी भीतीही वाटते. तिने सरवटे-गायकवाड घडले. पण एखादा हळवा मुलगा तिच्याखाली मुकाट्याने गळूनही गेला असेल, आणि त्याची नोंद कुठल्याच धावफलकात नसते.

आणि याच कठोर माणसाच्या हातून १९५२ मध्ये दुसऱ्या एका खेळाडूचे मोल चुकले. विनू मंकड तेव्हा इंग्लंडमध्ये हॅसलिंग्डन क्लबकडे व्यावसायिक म्हणून खेळत होता. भारताचा संघ तिकडे जाणार होता. करार सोडतो, पण कसोटीत घेण्याची हमी द्या, एवढेच विनूचे म्हणणे. पोटापाण्याचा प्रश्न होता, त्यात गैर काही नव्हते. हमी मिळाली नाही. त्या नकारामागे निवड समितीचे सी. के. होते, असे क्रिकेटचा इतिहास लिहिणारे सांगतात. लीड्सला पहिल्या कसोटीत भारताची दुसऱ्या डावात शून्यावर चार बाद अशी दैना झाली, तेव्हा धावाधाव करून क्लबकडून विनूला मागून घेतले. त्याने लॉर्ड्सवर ७२ आणि १८४ धावा केल्या, पाच बळी घेतले. सामना तरीही आठ गड्यांनी गेला, पण आजही ती मंकडची कसोटी म्हणून ओळखली जाते.

हे मला सी. के. यांच्या चरित्रातले सर्वांत अवघड पान वाटते. ज्याने तीस वर्षे महाराजांचे मीठ खाऊन खेळ जगवला, त्याला क्लबच्या पगारावर खेळणाऱ्याची अडचण का कळू नये? मला वाटते, दरबाराची नोकरी त्यांना नोकरी वाटतच नव्हती. तो मान होता, हुद्दा होता. आणि विनूने मागितली ती मजुरी. सालगडी आणि मानकरी यांच्यात आपण अजून हाच फरक करतो, टपरीवरही.

संस्थाने विलीन झाली, दरबाराचा आधार तुटला. १९५४-५५ चा हंगाम होळकर संघाचा शेवटचा. सी. के. त्याच्या आधीच बाहेर पडले होते. १९५३-५४ मध्ये रणजीत नव्याने उतरलेल्या आंध्र संघाने त्यांना कर्णधार म्हणून नेले; तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. १९५६ मध्ये सरकारने पद्मभूषण दिले. घरी बसून हार-तुरे घ्यायचे ते वय. पण १९५६-५७ च्या हंगामात, एकसष्टी उलटल्यावर, ते आणखी एका परक्या संघाचे कर्णधार झाले आणि त्या वयात त्यांनी अर्धशतकही काढले. तो संघ होता उत्तर प्रदेशाचा, आणि त्या प्रांतातल्या क्रिकेटची सूत्रे तेव्हा विजयनगरमच्या महाराजकुमारांच्या हाती होती. वीस वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांचे कर्णधारपद घेतले, तेच हे विझी.