वय अकरा, वर्ग महाविद्यालयाचा

सायबरनेटिक्स या ज्ञानशाखेचे जनक म्हणून नॉर्बर्ट वीनर यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात कोरले गेले. परंतु त्याच्या कितीतरी आधी, अकराव्या वर्षी महाविद्यालयात दाखल झालेला मुलगा म्हणून अमेरिकेतील वृत्तपत्रांनी त्यांना प्रसिद्ध करून टाकले होते. ही पहिली प्रसिद्धी त्यांनी मागितली नव्हती.

२६ नोव्हेंबर १८९४ रोजी मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे नॉर्बर्टचा जन्म झाला. वडील लिओ वीनर हे बियालिस्टोकहून आलेले ज्यू स्थलांतरित, बहुभाषाकोविद आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक. सातव्या वर्षी मुलाला शाळेत घातले, तेव्हा त्याला थेट तिसरीत आणि लवकरच चौथीत बसविण्यात आले. वाचनात तो वर्गाच्या फार पुढे होता. अंकगणित मात्र बोटे मोजून करीत असे. घोकंपट्टीत मागे पडणारे मूल गणितात कच्चे, असाच निष्कर्ष कोणीही काढला असता. लिओ यांचे निदान निराळे होते. मूल कंटाळले आहे, हे त्यांनी ओळखले, शाळा सोडविली आणि घरीच बीजगणित सुरू केले.

निदान अचूक होते. उपचाराविषयी तसे म्हणता येत नाही. धडा खेळीमेळीने सुरू होई. पहिली चूक झाली की प्रेमळ पित्याच्या जागी संतप्त परीक्षक उभा राही, आणि शेवट मुलाच्या रडण्यात होई. आठव्या वर्षी डोळे इतके बिघडले की डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद केले. तरी अभ्यास थांबला नाही. तो कानांनी चालू राहिला आणि गणिते मनातल्या मनात सोडविण्याची सवय जडली.

१९०३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एअर या छोट्या गावाच्या हायस्कुलात नॉर्बर्टचे नाव घातले गेले. वर्गमित्र त्याच्याहून सुमारे सात वर्षांनी मोठे. तरीही ही वर्षे सुखाची गेली, आणि त्याचे श्रेय केवळ बुद्धीला देता येत नाही. त्या गावाने त्याला नवलाईची वस्तू मानले नाही. धाकट्या भावाप्रमाणे सामावून घेतले. वर्गात प्रौढांची बरोबरी करणारा हा मुलगा वर्गाबाहेर मूलच राहिला.

१९०६ मध्ये पुढचा निर्णय घेतानाही लिओ यांनी विवेक दाखविला. हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेचा ताण आणि तेथील गाजावाजा टाळण्यासाठी त्यांनी टफ्ट्स महाविद्यालय निवडले आणि जवळच घर घेतले, जेणेकरून तासिका संपल्यावर मुलाला शेजारच्या समवयस्कांशी खेळता यावे. १९०९ मध्ये, चौदाव्या वर्षी, नॉर्बर्ट पदवीधर झाला. मात्र गुणवंतांच्या फाय बीटा काप्पा मंडळाने त्याला सदस्यत्व दिले नाही. अशा बालप्रतिभावंताचे पुढे काय होईल याची खात्री नाही, हे त्यामागचे कारण! ती शंका त्या कोवळ्या मनात खोल रुतली.

त्यानंतर हार्वर्डमध्ये प्राणिशास्त्र. पण अधू दृष्टी आणि अडखळते हात यांना प्रयोगशाळा मानवेना. बुद्धी कितीही पुढे धावली, तरी हात वयाच्या मागेच राहिले होते. तेव्हा वडिलांनीच परस्पर तत्त्वज्ञान हा विषय ठरविला. कॉर्नेल विद्यापीठातील वर्षही निराशेचे गेले. १९११ मध्ये पुन्हा हार्वर्ड.

खरा घाव त्याच वर्षी बसला. एका मासिकात लिओ यांची मते प्रसिद्ध झाली: आपली मुले असामान्य नाहीत, ही सारी शिक्षणपद्धतीची किमया. सोळा वर्षांच्या नॉर्बर्टने ती वाचली, आणि यश वडिलांचे, अपयश तेवढे आपले, असा त्यांचा अर्थ त्याला लागला. वस्तुतः घरातच या सिद्धान्ताला उत्तर मिळाले. धाकट्या भावालाही तीच शिस्त लावण्यात आली, पण तो दुसरा नॉर्बर्ट झाला नाही.

१९१३ मध्ये, अठराव्या वर्षी, तर्कशास्त्रातील प्रबंधावर वीनर यांना डॉक्टरेट मिळाली. १९०९ मध्ये अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये आलेला विल्यम सायडिस हा त्यांचा सहाध्यायी. त्याने पुढे विद्वत्तेकडे पाठ फिरविली, किरकोळ कारकुनी पत्करली आणि १९४४ मध्ये त्याचा अंत झाला. वीनर यांना त्याच्या कहाणीत आपलेही संभाव्य भवितव्य दिसत असावे. ते स्वतः १९१९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रुजू झाले आणि तेथेच स्थिरावले. त्यांचा ‘सायबरनेटिक्स’ हा ग्रंथ १९४८ मध्ये आला.

१९५३ मधील ‘एक्स-प्रॉडिजी’ या आत्मचरित्रात त्यांनी बालपणाचा हिशेब मांडला. वडिलांच्या शिस्तीने दिलेला बौद्धिक पाया त्यांनी कृतज्ञतेने मान्य केला. अपमानही झाकले नाहीत. ऋण आणि राग यांची वजाबाकी करण्याचा मोह त्यांनी टाळला, हे या पुस्तकाचे मोठेपण.

१९५५-५६ मध्ये ते कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. मुंबईचे गणितज्ञ पेसी मसानी यांनी त्यांच्यासमवेत संशोधन केले आणि १९९० मध्ये त्यांचे चरित्रही लिहिले. १८ मार्च १९६४ रोजी स्टॉकहोम येथे वीनर यांचे निधन झाले.