फुसाकिची ओमोरी

फुसाकिची ओमोरी (३० ऑक्टोबर १८६८ – ८ नोव्हेंबर १९२३) हे जपानी भूकंपशास्त्रज्ञ होते. मोठ्या भूकंपानंतर येणाऱ्या धक्क्यांची संख्या कालांतराने कशी घटत जाते, याचा नियम त्यांनी १८९४ साली मांडला. हा नियम आज ओमोरी नियम म्हणून ओळखला जातो. टोकियो येथील शाही विद्यापीठात ते भूकंपशास्त्राचे प्राध्यापक होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जगातील अग्रगण्य भूकंपतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होत असे. टोकियोत मोठा भूकंप व त्यानंतर भीषण आग लागण्याचा इशारा त्यांचे सहकारी आकित्सुने इमामुरा यांनी १९०५ साली दिला होता. ओमोरी यांनी तो जाहीरपणे खोडून काढला. १८ वर्षांनंतर, १ सप्टेंबर १९२३ रोजी, कांतो प्रदेशात महाभूकंप झाला. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी ओमोरी यांचे निधन झाले.

सुरुवातीचे जीवन व शिक्षण

ओमोरी यांचा जन्म जपानमधील फुकुई येथे एका सामुराई कुटुंबात झाला. त्याच वर्षी जपानमध्ये मेइजी राजवट सुरू झाली होती आणि पाश्चात्त्य विज्ञान आत्मसात करण्यासाठी शासनाने परदेशी अध्यापकांना पाचारण करण्याचे धोरण स्वीकारले होते. १८७६ साली जपानमध्ये आलेले इंग्रज भूवैज्ञानिक जॉन मिल्न हे अशा अध्यापकांपैकी एक होत. १८८० साली योकोहामा येथे झालेल्या भूकंपानंतर मिल्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानची भूकंपशास्त्र संस्था स्थापन केली.

ओमोरी यांनी १८९० साली टोकियोच्या शाही विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर मिल्न यांच्या मार्गदर्शनाखाली ते भूकंपशास्त्राकडे वळले. पुढे त्यांनी इटली व जर्मनी येथे अध्ययन केले. जपानचे पहिले भूकंपशास्त्राचे प्राध्यापक सेइकेई सेकिया यांचे १८९६ साली निधन झाले. परदेशातून परतल्यावर ओमोरी यांची त्या पदावर नियुक्ती झाली.

नोबी भूकंप आणि ओमोरी नियम

२८ ऑक्टोबर १८९१ रोजी मध्य जपानमधील मिनो व ओवारी या प्रांतांत तीव्र भूकंप झाला. तो नोबी भूकंप या नावाने ओळखला जातो. त्यात ७,००० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पाश्चात्त्य पद्धतीने बांधलेल्या विटांच्या इमारती कोसळल्या आणि नागारा नदीवरील लोखंडी रेल्वेपूलही पडला. या आपत्तीनंतर शासनाने १८९२ साली शाही भूकंप अन्वेषण समितीची स्थापना केली. ओमोरी यांचे बहुतेक संशोधन याच समितीमार्फत झाले.

मुख्य भूकंपानंतर गिफू परिसरात दीर्घकाळ लहानमोठे धक्के बसत राहिले. ओमोरी यांनी त्यांच्या दैनंदिन नोंदी तपासल्या. धक्क्यांची संख्या अनियमितपणे कमी होत नसून, मुख्य भूकंपानंतर लोटलेल्या काळाच्या जवळजवळ व्यस्त प्रमाणात ती घटते, असे त्यांना आढळले. स्थूलमानाने सांगायचे तर, पहिल्या दिवशी १०० धक्के बसले असतील, तर दहाव्या दिवशी सुमारे १० आणि शंभराव्या दिवशी सुमारे एक धक्का अपेक्षित असतो. त्यामुळे सुरुवातीची घट झपाट्याने होते, परंतु पुढील शेपूट फार लांब राहते. जपानी शास्त्रज्ञ तोकुजी उत्सु यांनी १९६१ साली या सूत्रात सुधारणा केली. नोबी भूकंपाचे उत्तरधक्के शंभर वर्षांनंतरही या नियमाला धरून घटत असल्याचे पुढील अभ्यासात दिसून आले.

उपकरणे व इतर संशोधन

ओमोरी यांनी आडव्या लंबकावर आधारित भूकंपमापक यंत्र विकसित केले. त्याची सुधारित आवृत्ती जर्मनीत तयार होऊ लागली आणि बॉश-ओमोरी यंत्र या नावाने ती अनेक देशांतील वेधशाळांमध्ये वापरली गेली.

भूकंपाच्या नोंदीत प्रथम सूक्ष्म कंपने व नंतर मोठी आंदोलने दिसतात. या दोहोंमधील काळावरून भूकंपाच्या उगमस्थानाचे अंतर काढण्याचे सोपे सूत्रही ओमोरी यांनी दिले. सूक्ष्म कंपनांचा काळ सेकंदांत मोजून त्यास ७.४२ ने गुणले असता अंतर किलोमीटरमध्ये मिळते. जवळच्या भूकंपांसाठी हे सूत्र उपयुक्त ठरले.

विटांचे खांब कंपनमंचावर ठेवून ते किती जोराच्या हादऱ्याने कोसळतात, याचे प्रयोग त्यांनी केले. पूल, धुराडी आणि जुने लाकडी पॅगोडे यांची कंपनेही त्यांनी मोजली. उसु (१९१०) व साकुराजिमा (१९१४) या ज्वालामुखींच्या उद्रेकांचा त्यांनी अभ्यास केला. १९११ साली आसामा पर्वतावर ज्वालामुखी वेधशाळा उभारण्यातही त्यांचा पुढाकार होता.

परदेशांतील भूकंपांचा अभ्यास

४ एप्रिल १९०५ रोजी भारतातील कांगडा खोऱ्यात झालेल्या विनाशकारी भूकंपावर ओमोरी यांनी अहवाल लिहिला. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्को येथील भूकंपानंतर ते पाहणीसाठी तेथे गेले. त्या काळी कॅलिफोर्नियात जपानी लोकांविरुद्ध द्वेषाचे वातावरण होते. पडक्या इमारतींची पाहणी करीत असताना काही लोकांनी त्यांच्यावर दगडफेक केली. तरीही त्यांनी आपले काम पूर्ण केले. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये भूकंपाने जलवाहिन्या फुटल्या होत्या व आग विझवण्यास पाणी उरले नव्हते. शहराचा मोठा भाग हादऱ्यांपेक्षा आगीने नष्ट झाला होता. १९०८ सालच्या इटलीतील मेसिना भूकंपाचाही त्यांनी अभ्यास केला. तेथील प्रचंड जीवितहानीचे मुख्य कारण सदोष बांधकाम हे होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

इमामुरा यांच्याशी मतभेद

आकित्सुने इमामुरा हे त्याच विद्यापीठात भूकंपशास्त्राचे साहाय्यक प्राध्यापक होते आणि वयाने ओमोरी यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होते. १९०५ साली त्यांनी ‘ताइयो’ या मासिकात एक लेख लिहिला. टोकियो परिसरात १६४९, १७०३ व १८५५ साली मोठे भूकंप झाले होते. पहिल्या दोहोंमधील अंतर केवळ ५४ वर्षांचे होते आणि १८५५ च्या भूकंपास तेव्हा ५० वर्षे झाली होती. यावरून पुढील ५० वर्षांत केव्हाही मोठा भूकंप होऊ शकेल, असे इमामुरा यांचे म्हणणे होते. लाकडी घरे आणि रॉकेलचे दिवे यांमुळे शहर पेटेल व मृतांची संख्या एक लाखावर जाईल, असा इशारा देऊन त्यांनी आगप्रतिबंधक उपायांची मागणी केली होती.

१९०६ च्या आरंभी एका वृत्तपत्राने हा लेख भडक स्वरूपात प्रसिद्ध केला. त्याच सुमारास काही धक्केही जाणवले आणि शहरात घबराट पसरली. लोकांना शांत करणे हे आपले कर्तव्य आहे, असे ओमोरी यांनी मानले. त्यांनी त्याच मासिकात लेख लिहून इमामुरा यांचे भाकीत निराधार ठरवले. प्राध्यापकांचा शब्द प्रमाण मानला गेला आणि इमामुरा यांना पुढील अनेक वर्षे उपहास सहन करावा लागला.

या वादात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले होते. भूकंप केव्हा होईल, हा पहिला प्रश्न. तीन-चार घटनांवरून त्याचे उत्तर देता येत नाही, ही ओमोरी यांची भूमिका शास्त्रीय दृष्ट्या चुकीची नव्हती. भूकंप झाल्यास शहराचे काय होईल, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर मात्र उपलब्ध होते. पहिल्या प्रश्नावरील खंडनात दुसऱ्या प्रश्नाचे गांभीर्य झाकोळले गेले. तथापि, टोकियोच्या पाणीपुरवठ्यात सुधारणा व्हावी, असा आग्रह स्वतः ओमोरी यांनीही धरला होता.

कांतो महाभूकंप आणि निधन

ऑगस्ट १९२३ मध्ये ओमोरी पॅसिफिक विज्ञान परिषदेसाठी ऑस्ट्रेलियाला गेले. १ सप्टेंबर रोजी सिडनी येथील रिव्हरव्ह्यू वेधशाळेस त्यांनी भेट दिली. ते तेथे असतानाच भूकंपमापकाची लेखणी जोराने हलू लागली. ती नोंद जपानमधील भूकंपाची होती.

जपानमध्ये तेव्हा दुपारचे ११ वाजून ५८ मिनिटे झाली होती आणि घरोघरी दुपारच्या जेवणासाठी चुली पेटलेल्या होत्या. ७.९ तीव्रतेच्या या भूकंपाने योकोहामा व टोकियो ही शहरे उद्ध्वस्त झाली. टोकियोत शंभराहून अधिक ठिकाणी आगी लागल्या. जलवाहिन्या फुटल्यामुळे पाणी मिळेना आणि जोरदार वाऱ्याने आग पसरत गेली. होंजो भागातील लष्करी वस्त्रागाराच्या मोकळ्या मैदानावर आश्रय घेतलेले सुमारे ३८,००० लोक एकाच ठिकाणी मरण पावले. या आपत्तीतील एकूण मृतांची संख्या सुमारे १,०५,००० होती व त्यांपैकी बहुसंख्य मृत्यू आगीमुळे झाले.

ओमोरी तातडीने मायदेशी निघाले; परंतु मेंदूतील गाठीमुळे प्रवासातच त्यांची प्रकृती ढासळली. ऑक्टोबरच्या सुरुवातीस जहाज योकोहामा येथे पोहोचले, तेव्हा इमामुरा त्यांना भेटण्यास गेले. इमामुरा यांनी नंतर नोंदवल्यानुसार, या आपत्तीबाबत आपणावर गंभीर जबाबदारी येते, हे ओमोरी यांनी मान्य केले. मात्र पाणीपुरवठ्याच्या सुधारणेबाबत आपण कर्तव्य बजावले होते, असेही त्यांनी सांगितले. ८ नोव्हेंबर १९२३ रोजी वयाच्या ५५ व्या वर्षी टोकियो येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी इमामुरा यांची प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली.

वारसा

भूकंप अन्वेषण समिती पुढे विसर्जित करण्यात आली आणि १९२५ साली टोकियो विद्यापीठात भूकंप संशोधन संस्था स्थापन झाली. जपानमध्ये १ सप्टेंबर हा दिवस १९६० पासून आपत्ती प्रतिबंध दिन म्हणून पाळला जातो. एखादा भूकंप नेमका केव्हा होईल, हे आजही सांगता येत नाही. परंतु तो झाल्यानंतर पुढील दिवसांत किती धक्के अपेक्षित आहेत, याचे अंदाज ओमोरी यांच्या नियमाच्या आधारेच वर्तवले जातात.