अहिल्याबाईंचे मुके आश्रित

प्रत्येक देशाचा एक कठीण ऋतू असतो. इंग्लंडात तो हिवाळा होय. तेथे हेजहॉग नावाचा एक लहानसा काटेरी प्राणी आहे. संस्कृतात अशा प्राण्यास जाहक म्हणतात. साळिंदराचे काटे पाहून पुष्कळांना तो त्याचाच धाकटा भाऊ वाटतो, पण दोघांचे कूळ अगदी वेगळे. हा जीव शरद ऋतूत किडे, अळ्या, भुंगेरे खाऊन अंगावर चरबी चढवतो, वाळलेली पाने आणि शेवाळ गोळा करून एक उबदार घरटे रचतो आणि नोव्हेंबरच्या सुमारास त्यात शिरून थेट मार्चपर्यंत निजतो. ही झोप साधी नव्हे. जागेपणी मिनिटाला दीडशेहून अधिक पडणारे हृदयाचे ठोके तेव्हा वीसच्या आसपास येतात आणि अंग बाहेरच्या हवेइतके गार पडत जाते. सेल्बोर्न गावचा धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट हा मोठा चिकित्सक निरीक्षक होता. हा प्राणी पानांचे बिछाने करतो, पण थंडीसाठी अन्न मात्र साठवत नाही, हे त्याने अठराव्या शतकातच नोंदवून ठेवले. म्हणजे सारी भिस्त अंगावरची चरबी आणि न मोडलेले घरटे या दोहोंवर. म्हणून तेथील सुजाण माणसे बागेच्या कोपऱ्यातला पाचोळ्याचा ढीग हिवाळाभर हलवत नाहीत, शेकोटी पेटवण्यापूर्वी लाकडे उचलून खाली पाहतात आणि उथळ बशीत पाणी ठेवतात. दूध ठेवीत नाहीत. ते त्या प्राण्यास बाधते. आपल्याकडे कच्छ आणि राजस्थानच्या कोरड्या भागांत याचा जो भाऊबंद राहतो, तोही अन्नपाण्याची टंचाई पडली की असाच निपचित पडून राहतो.

माळव्याचा कठीण ऋतू मात्र उन्हाळा. थंडी येथेही पडते. देवासच्या पठारावर एखाद्या पौषात पाला पडून हरभरा करपतो. पण धारहून मांडवगडाच्या बाजूने घाट उतरून निमाडात जावे, म्हणजे वैशाख काय असतो ते कळते. समुद्राकाठच्या दमट उन्हाची सवय असलेल्या माझ्यासारख्याला तर तो वारा भट्टीच्या तोंडातून आल्यासारखाच वाटतो. आणि जाहकाला निदान झोप हे साधन आहे. जुवाखालच्या बैलाला ते नाही. पाखराला नाही. आटत चाललेल्या डोहातल्या माशालाही नाही. त्यांच्यासाठी कोणीतरी जागे असावे लागते.

याच निमाडात नर्मदेच्या उत्तर तीरावर महेश्वर आहे, आणि तेथे अशी जागी राहिलेली एक बाई होऊन गेली. गिल्बर्ट व्हाइटहून ती पाच वर्षांनी लहान आणि त्याच्यामागून दोनच वर्षांनी निवर्तली. तिने बांधलेली देवळे आणि घाट तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेच आहेत. तिच्या मुक्या आश्रितांविषयी मात्र तेथे फारसे नसते.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात. ज्या जिल्ह्यात ते येते त्यास २०२४ पासून त्यांचेच नाव मिळाले आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. १७३३ साली मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी विवाह होऊन त्या होळकरांच्या घरात आल्या. तो काळ माळव्यात मराठ्यांचे पाय रोवले जाण्याचा होता. धारला पवार, देवासला पवारांच्याच थोरल्या आणि धाकट्या पात्या, उज्जैनीस शिंदे, इंदूरकडे होळकर, अशी वाटणी होत होती. मल्हारराव सदैव घोड्यावर. घरी राहिलेल्या सुनेस त्यांनी हिशेब शिकवला, पत्रव्यवहार शिकवला, पुढे तोफखान्याची व्यवस्था पाहण्याचेही काम सांगितले. सासऱ्याने सुनेला असे तयार करावे, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट.

पुढची वर्षे दुःखाची. १७५४ च्या मार्च महिन्यात कुंभेरीच्या वेढ्यात खंडेरावांना तोफेचा गोळा लागला. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या असता म्हाताऱ्या सासऱ्याने त्यांना परावृत्त केले. १७६६ साली मल्हारराव वारले, १७६७ साली एकुलता एक मुलगा मालेराव वेडाच्या भरात गेला. दौलतीस पुरुष वारस नाही असे पाहून जुने कारभारी गंगाधर यशवंत यांनी दत्तक घेण्याचा घाट घातला आणि राघोबादादा फौजेनिशी उज्जैनकडे आले. बाईंनी फौज उभी केली, शेजारच्या सरदारांना पत्रे धाडली आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. माधवरावांनी त्यांचा हक्क मान्य केला. लष्कर तुकोजी होळकरांकडे, मुलखाचा कारभार बाईंकडे, अशी विभागणी झाली आणि ती अठ्ठावीस वर्षे टिकली. राजधानी महेश्वरी आली.

महेश्वरच्या वाड्यातला दिवस पहाटेपूर्वी सुरू होई. स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधे शाकाहारी जेवण. दुपारी त्या दरबारात बसत आणि सूर्यास्तापर्यंत उठत नसत. पडदा नव्हता, ज्याला गाऱ्हाणे सांगायचे त्याने समोर येऊन सांगावे. रात्री नऊ ते अकरा पुन्हा कागद. हे सारे तपशील सर जॉन माल्कम या इंग्रज सेनाधिकाऱ्याने लिहून ठेवले आहेत. १८१८ नंतर तो मध्य हिंदुस्थानचा कारभार पाहत होता. बाईंना पाहिलेले कारकून आणि म्हातारे गावकरी यांच्याकडून त्याने माहिती मिळवली आणि १८२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. परका माणूस, शिवाय जेत्यांपैकी. त्याने खुशामत करण्याचे कारण नव्हते.

त्याच ग्रंथात आपला विषय आहे. थंडीच्या आरंभी बाई नोकरमाणसांना आणि अपंग, वृद्ध लोकांना कपडे वाटीत. उन्हाळ्यात वाटांवर पाणी देणारी माणसे बसवीत. एवढे पुष्कळ धर्मशील राज्यकर्त्यांनी केले आहे. पण महेश्वरच्या आसपासचा शेतकरी भर उन्हात औत धरून चालला असता मध्येच बाईंचा माणूस पुढे होई, औत थांबवी आणि बैलांपुढे पाणी ठेवी. बैल पिऊन झाले की औत पुढे. माणसाने मागितले नव्हते; बैलाला मागता येत नव्हते. नर्मदेतल्या माशांसाठी रोजचा अन्नाचा वाटा बाजूला काढलेला असे.

आणि पाखरांसाठी शेते होती.

ही शेतांची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तेथे जरा थांबू. ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार तुम्ही पाहिला असेल. तो पाखरे हाकलतो, कारण ते धान्य त्याच्या लेकरांचे आहे. आता एखाद्या दयाळू राणीने काय केले असते? पाखरे मारू नयेत, हाकलू नयेत, असा हुकूम काढला असता. हुकूम काढणे सोपे आणि फुकट. पुण्य राणीच्या पदरी, उपास शेतकऱ्याच्या घरी! अहिल्याबाईंनी तसे केले नाही. शेतकरी पाखरांना हाकलतो ते योग्यच आहे, असे त्या मानीत. मग पाखरांनी जावे कोठे? त्यांनी स्वतः शेते विकत घेतली आणि ती पाखरांसाठी मोकळी सोडली. हाकललेले थवे त्या शेतांवर उतरत. दोन भुकेल्यांच्या भांडणात दोघांचेही म्हणणे खरे असते, तेव्हा न्यायाधीशाने आपल्या पदरचे घालावे, असा हा निवाडा होता.

पदरचे म्हणजे कोणाच्या पदरचे, हेही पाहण्यासारखे आहे. होळकरांच्या दौलतीचे दोन भाग असत, सरकारी आणि खासगी. पेशव्यांनी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांस जी जहागीर नेमून दिली, तीतून ही खासगी उभी राहिली आणि ती पुढे अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून सोमनाथापर्यंतचा त्यांचा दानधर्म या खासगीतून झाला. रयतेवर दयेची पट्टी बसली नाही.

माल्कमला ही भूतदया जरा अतिरेकाची वाटली. तसे त्याने लिहिलेही आहे. मात्र त्याच दमात एका चतुर ब्राह्मणाने विचारलेला प्रश्नही त्याने नोंदवला. बाईंनी दानधर्माच्या दुप्पट पैसा फौजेवर खर्चला असता, तर त्यांच्या मुलखाला इतकी वर्षे अशी शांतता लाभली असती काय, असा त्या प्रश्नाचा आशय होता. माल्कमने त्याला प्रत्युत्तर दिलेले नाही.

मला हा अतिरेक वाटत नाही, कारण बाईंचा इतर कारभारही याच मापाने चाले. धार आणि निमाडच्या मधल्या डोंगरांत भिल्लांची वस्ती. ते घाटातून जाणाऱ्या मालावर थोडासा कर घेत. त्यास भिलकवडी म्हणत. न मिळाल्यास लूट होई. बाईंनी आधी बंदोबस्त केला, पण पुढे त्यांचा तो जुना हक्क मान्य करून त्याच्या बदल्यात वाटेचे रक्षण आणि चोरीच्या मालाची भरपाई त्यांच्याच गळ्यात घातली. व्यापाऱ्याचा माल वाचला, डोंगरातली चूलही पेटती राहिली. इंदूरचा एक सावकार निपुत्रिक वारला तेव्हा त्याच्या धनावर तुकोजींचा डोळा गेला. बाईंनी तुकोजींना तेथून दूर जाण्यास सांगितले आणि विधवेचे विधवेकडे राहिले. बैलाच्या तहानेचा विचार करणारी बाई ती हीच.

इंदुरात एक कथा सांगतात. मालेरावांच्या रथाखाली वासरू सापडून मेले, तेव्हा अहिल्याबाईंनी पोटच्या मुलास त्याच रथाखाली घालण्याची आज्ञा केली आणि शेवटी गाय आडवी आली म्हणून तो वाचला, अशी ती कथा. विद्यार्थिमित्रांनो, ती रंगून ऐका, पण इतिहास म्हणून लिहू नका. तमिळ देशात तिरुवारूरच्या एका चोळ राजाविषयी अशीच कथा कितीतरी पूर्वीपासून सांगितली जाते. रथापुढे मुलगा घालणे नाट्यमय खरे. औताच्या बैलाला रोज पाणी पोचवण्यात नाट्य मुळीच नाही. त्यासाठी माणूस नेमावा लागतो, त्याचा पगार द्यावा लागतो, मडकी फुटली की नवी घ्यावी लागतात आणि हे सारे वर्षामागून वर्षे चालवावे लागते. यातले पाण्याचे काम तर तुमच्याही आवाक्यातले आहे. पसरट मातीचे भांडे, पाणी दोन बोटे खोल, आत एखादा दगड म्हणजे लहान पाखरू किंवा खार बुडणार नाही. भांडे सावलीत, आणि पाणी रोज बदललेले. मात्र चैत्रात सुरू करून वैशाखात विसरू नये. भांड्याची सवय लागलेली पाखरे त्याच जागी येत राहतात.

स्तुतीचा बाईंना तिटकारा होता. एका ब्राह्मणाने त्यांच्या गौरवाचा ग्रंथ लिहून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, मग नर्मदेत टाकून देण्यास सांगितले आणि त्या कवीची पुन्हा विचारपूस केली नाही. (माशांना त्या दिवशी कागदही मिळाला, असे आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याचे मत पडले.)

म्हातारपण सुखाचे गेले नाही. मुलगी मुक्ताबाई हीच काय ती उरली होती. आधी तिचा मुलगा गेला. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. आईने विनवण्या केल्या; त्या व्यर्थ गेल्या. सासऱ्याच्या शब्दासाठी जी स्वतः चितेवरून परत फिरली, तिचा शब्द लेकीने मानला नाही. नदीकाठी दोन ब्राह्मणांनी धरून ठेवलेल्या अहिल्याबाईंनी ती चिता पाहिली. त्यानंतर काही दिवस त्या अन्नाला शिवल्या नाहीत, बोलल्या नाहीत. मग पुन्हा दरबार सुरू झाला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तराव्या वर्षी, महेश्वरी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्यामागून माळव्याची जी दशा झाली, तिला येथील लोक गर्दीचा वक्त म्हणत. शिंदे-होळकरांचे कलह पेटले, १८०१ साली इंदूर लुटून जाळले गेले, पेंढाऱ्यांच्या टोळ्या गावांमागून गावे ओस पाडू लागल्या. धारची दौलत इतकी आक्रसली की मीनाबाईंनी दत्तक मुलास घेऊन ती कशीबशी राखली; देवासच्या दोन्ही पात्यांची स्थिती त्याहून बरी नव्हती. ज्या शेतांवर पाखरांचे थवे उतरत, त्या मुलखात पेरणारेच उरले नाहीत. अशी जवळजवळ वीस वर्षे गेल्यावर माल्कम आला आणि विचारू लागला. लुटीतून वाचलेल्या म्हाताऱ्यांना बाईंचे कितीतरी सांगता आले असते, आणि त्यांनी सांगितलेही. त्यांच्या सांगण्यात किल्ले होते, देवळे होती, दूरदेशीचे घाट होते. आणि भर उन्हात औत थांबवून बैलांपुढे ठेवलेले पाणीही होते.