मॅन साहेब आणि दख्खनची काळी माती

मार्च-एप्रिलच्या सुमारास बागायती भागातून एक तक्रार हमखास येते. ऊस वाफ्याच्या एका कोपऱ्यात पिवळा पडतो, वाढ खुंटते, सरीच्या माथ्यावर पांढरी फूल उमलल्यासारखी दिसते. शेतकरी खत वाढवतो, मग पाणी वाढवतो. पाणी वाढवले की पांढरा पट्टा आणखी पुढे सरकतो. ही तक्रार नवी नाही. नीरा खोऱ्यात ती शंभरहून अधिक वर्षांपूर्वी अशीच आली होती आणि तिचे कारण मातीच्या वरच्या वितीत नसून खालच्या थरांत आहे हे दाखवणारा माणूस पुण्याच्या शेतकी कॉलेजात होता. त्याचे नाव डॉ. हॅरॉल्ड मॅन.

मॅन यांचा जन्म 1872 सालचा, इंग्लंडमधल्या यॉर्कचा. रसायनशास्त्र शिकले लीड्सला, पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काही काळ काम केले. 1900 मध्ये ते भारतात आले ते चहासाठी. चहा मळेवाल्यांच्या संघटनेने त्यांना शास्त्रज्ञ म्हणून कलकत्त्याला बोलावले होते. आसामच्या मळ्यांत त्यांनी चहाची जमीन, खते, कीड-रोग पाहिले आणि जॉर्ज वॉट यांच्याबरोबर चहाच्या कीड-रोगांवरचा मोठा ग्रंथ तयार केला. आसामची माती आम्लधर्मी, पावसाने धुतलेली. दख्खनची माती तिच्या अगदी उलटी. 1907 मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य म्हणून ते आले, तेव्हा त्यांना जवळजवळ नव्याने शिकावे लागले असणार.

पुण्यात शेतकीचे वर्ग त्याआधी सायन्स कॉलेजला जोडून चालत. स्वतंत्र कॉलेज मॅन यांच्याच काळात उभे राहिले. 1918 पर्यंत ते प्राचार्य होते आणि त्यानंतर 1927 पर्यंत मुंबई इलाख्याच्या शेती खात्याचे संचालक. या वीस वर्षांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताळलेले विषय पाहिले तर आजच्या विस्तार कार्यकर्त्यालाही दम लागेल: बटाटा, विहिरींचे पाणी, खारवट जमिनी, गावांचा जमाखर्च. पण या सगळ्यांत धागा एकच होता. आधी जमीन खणून पाहायची, मग बोलायचे.

खणल्यावर काय दिसते?

दख्खनची काळी माती बेसॉल्ट या काळ्या कातळापासून झाली. हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. माळावर या कातळावर जेमतेम वीतभर माती असते, तिला आपण बरड किंवा मुरमाड म्हणतो. उतार उतरत ओढ्याकडे, नदीकडे आलो की माती खोल होत जाते आणि नदीकाठी ती पुरुषभर किंवा त्याहूनही खोल लागते. वरची माती शतकानुशतके धुऊन खाली आली, हे त्याचे सरळ कारण.

खोल काळ्या रानात मीटरभर खड्डा घेतला तर साधारण असे दिसते. वरचे चार-सहा बोटे उन्हाळ्यात आपोआप भुसभुशीत, बारीक कणीदार झालेले असतात. त्याखाली गच्च ढेकळे. दोन-अडीच फुटांवर ढेकूळ फोडले की त्याची बाजू तिरकी आणि आरशासारखी चकाकणारी निघते. ओली माती फुगताना एक थर दुसऱ्यावर घासतो, त्याची ही खूण आहे. आणखी खाली चुनखडीचे पांढरे खडे लागतात आणि शेवटी मुरूम, मग कातळ. चुनखडी आहे की नाही अशी शंका असेल तर मातीवर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकावेत, फेस येतो.

या मातीत चिकणमातीचे प्रमाण बहुधा निम्म्याच्या आसपास असते, काही ठिकाणी त्याहून बरेच जास्त. तीही साधी चिकणमाती नाही, पाणी पिऊन फुगणारी आणि वाळली की आकसणारी. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पावसाळ्यात खालची फुगून वर येते आणि जमीन स्वतःच स्वतःला नांगरत राहते. त्यामुळे काळ्या मातीचे थर पुस्तकातल्या चित्रासारखे रेघ मारून वेगळे काढता येत नाहीत. फूटभर मातीचा रंग आणि चार फुटांवरच्या मातीचा रंग यात कित्येकदा फरकच कळत नाही. खालचा मुरूम मात्र स्पष्ट वेगळा असतो, आणि पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच अवलंबून आहे.

इथे एक जुना गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो अजून ऐकू येतो. रशिया-युक्रेनच्या गवताळ मैदानांत आणि अमेरिकेच्या प्रेअरीतही काळी माती आहे. रशियन शास्त्रज्ञ डोकुचायेव यांनी 1883 मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला आणि आधुनिक मृदाशास्त्राची सुरुवात तिथून धरतात. रंग पाहून आपली रेगूर आणि ती माती एकच, असे बऱ्याच जणांना वाटले. तसे नाही. प्रेअरीची माती काळी आहे ती हजारो वर्षे गवताची मुळे कुजून साठलेल्या सेंद्रिय पदार्थाने. तिचा वरचा काळा थर जाड, मऊ, गोळीदार असतो आणि खाली जाताना फिका होत जातो. आपल्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुतेक शेतांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो. तिचा काळेपणा येतो थोडासा सेंद्रिय पदार्थ चिकणमातीशी घट्ट बांधला गेल्याने आणि मूळ खडकातल्या खनिजांमुळे. म्हणजे रंग काळा म्हणून जमीन कसदार, हे गणित इथे चालत नाही. नत्र कमी, स्फुरद कमी, चुनखडी जास्त असेल तर लोह आणि जस्तही पिकाला मिळत नाही.

तिची खरी श्रीमंती पाण्यात आहे. मीटरभर खोल काळ्या मातीत पिकाला घेता येईल असे 150 ते 200 मिलिमीटर पाणी साठते. सोलापूर-नगरकडे पाऊस संपल्यावर पेरलेली रब्बी ज्वारी नुसत्या ओलीवर येते ती या साठ्यामुळे. पण जी माती पाणी असे धरून ठेवते, ती ते सहज सोडतही नाही. भेगा मिटल्या की पाणी आत मुरण्याचा वेग फार मंदावतो. वाफसा यायला वेळ लागतो आणि निघून जायला लागत नाही.

नीरा खोऱ्यातली पांढरी जमीन

नीरा डावा कालवा 1880 च्या दशकात वाहू लागला. दुष्काळी कामातून सुरू झालेला हा कालवा बारामती भागात वरदानच ठरला. जिथे बाजरी येण्याची मारामार, तिथे ऊस उभा राहिला. मग वीस-पंचवीस वर्षांत सखल भागातली उत्तम रानेच पांढरी पडू लागली. ज्यांच्याकडे सर्वांत खोल, सर्वांत महाग जमीन होती, त्यांचेच आधी बुडाले. वरच्या मुरमाड रानवाल्याचा ऊस मात्र बरा होता.

मॅन यांनी ताम्हणे या आपल्या सहकाऱ्याबरोबर या जमिनींचा अभ्यास केला आणि 1910 मध्ये शेती खात्याने तो पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला. उलगडा असा की क्षार जमिनीतच होते, खडक कुजताना तयार झालेले. पाऊस कमी असल्याने ते खालीच निजून राहिले होते. कालवा उंचावरून जातो. त्याची गळती आणि वरच्या रानांना दिलेले जादा पाणी मुरमात उतरते. मुरूम पाणी वाहू देतो, म्हणून ते मुरमाच्या थरातून उताराकडे सरकत सखल भागात येते. तिथे डोक्यावर खोल, चिकण काळी माती. पाण्याला वाट मिळत नाही, पातळी वर चढते, मुळांपर्यंत येते. उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर राहतात. ज्याच्या शेतात मीठ फुलले, त्याची चूक बहुधा अर्धीच असते. उरलेली चूक अर्ध्या मैलावरच्या वरच्या बागाईतदाराची आणि कालव्याची.

यातून उपाय आपोआप ठरतो: पाण्याला खालच्या थरातून बाहेर जाण्याची वाट करून द्यायची. चर खोदायचा तर तो मुरमाच्या थरापर्यंत पोचला पाहिजे. काळ्या मातीतच संपणारा उथळ चर वरचे पावसाचे पाणी काढेल, पण खालून चढणारे पाणी त्याला लागणारच नाही. आज भूमिगत सच्छिद्र पाइप टाकतात, खर्च मोठा आहे, तरी तत्त्व तेच आहे. एकट्याच्या शेतात पाइप टाकून भागत नाही, पाणी शेवटी ओढ्याला गेले पाहिजे आणि त्यासाठी शेजाऱ्यांची संमती लागते. माझ्या अनुभवात पाइपपेक्षा ही संमतीच महाग पडते.

पांढरी पडलेली प्रत्येक जमीन एकाच प्रकारची नसते, हेही लक्षात घ्यावे. विद्राव्य क्षार जास्त असतील तर ती खारवट. निचरा झाला की भरपूर पाणी देऊन क्षार धुता येतात. सोडियम मातीच्या कणांना चिकटला असेल तर ती चोपण. तिचा सामू बहुधा साडेआठच्या वर जातो, ओली असताना ती साबणासारखी बुळबुळीत लागते, वाळली की दगड. तिला जिप्सम लागते, चुनखडी भरपूर असेल तर गंधकही चालते, आणि धैंचा गाडल्याने मदत होते. मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवावी. निचऱ्याची वाट नसताना जिप्सम टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. क्षाराची शंका असेल तेव्हा नमुना फक्त वरच्या वितीचा घेऊ नये. एक फूट, दोन फूट आणि तीन फूट असे वेगळे नमुने घ्यावेत. उन्हाळ्याच्या शेवटी खड्ड्यात पाणी किती खोलीवर लागते तेही मोजून ठेवावे.

पिंपळे सौदागर

मॅन यांचे नाव आज अर्थशास्त्राच्या पुस्तकांत येते ते दुसऱ्याच कामामुळे. पुण्याजवळ पवनेच्या काठी असलेले पिंपळे सौदागर हे गाव त्यांनी निवडले आणि घर न घर, तुकडा न तुकडा पाहून 1917 मध्ये त्याचा अभ्यास छापला. अशी पाहणी त्यांना नवी नव्हती. इंग्लंडमधल्या बेडफर्डशायरच्या एका खेड्याची त्यांनी पूर्वी केलीच होती. पुढे कानिटकरांबरोबर त्यांनी शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचाही अभ्यास केला, तो 1921 मध्ये आला.

पिंपळे सौदागरच्या जुन्या दप्तरावरून त्यांनी दाखवले की 1771 मध्ये सरासरी खातेदाराकडे सुमारे 40 एकर जमीन होती आणि 1915 च्या सुमारास ती 7 एकरांवर आली होती. जवळपास दोन तृतीयांश कुटुंबांचा ताळमेळ शेती आणि बाहेरची कामे धरूनही बसत नव्हता. त्या काळी सरकारी अधिकाऱ्याने हे आकड्यांत मांडणे सोपे नव्हते. शेतकरी आळशी किंवा उधळ्या, म्हणून गरीब, असे म्हणून मोकळे होण्याची सवय तेव्हाही होती.

तुकडे का पडतात याचे उत्तरही थोडे मातीतच आहे. गावच्या शिवारात माळ, मध्यम काळी, नदीकाठची खोल काळी असे पट्टे असतात. तीन भावांची वाटणी झाली तर प्रत्येकाला प्रत्येक पट्ट्यातला हिस्सा हवा असतो, कारण एका पट्ट्यात पावसाने दगा दिला तर दुसऱ्यात चार दाणे येतात. हा हट्ट वेडेपणाचा नाही. पण दोन-तीन पिढ्यांत पट्ट्याची चिंधी होते, बैल वळवायला जागा राहत नाही आणि कोणालाही चर काढता येत नाही. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा मुंबई राज्याचा कायदा आला 1947 मध्ये. त्याआधीच्या वादात मॅन यांचे आकडे पुन्हा पुन्हा वापरले गेले.

1927 मध्ये मॅन निवृत्त झाले आणि मायदेशी परतले. पण घरी बसले नाहीत. 1928 पासून 1956 पर्यंत त्यांनी वोबर्नच्या प्रायोगिक शेतावर काम केले, म्हणजे वयाच्या चौऱ्याऐंशीच्या घरात जाईपर्यंत. वोबर्नची माती हलकी, वालुकामय. तिथे वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट टाकलेल्या तुकड्यांत माती इतकी आम्ल झाली की पीक येईना. तेच खत आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात टाकले तर सामू हलतही नाही. दोन्ही प्रकारच्या मातीत आयुष्य घालवलेली माणसे थोडी, मॅन त्यातले एक.

दख्खन मात्र त्यांनी सोडले नाही. 1865 ते 1938 या काळातल्या मुंबई इलाख्याच्या दख्खन भागातील पावसाचे आकडे घेऊन पाऊस आणि दुष्काळ यांच्या नात्यावर त्यांनी पुस्तक लिहिले, ते 1955 मध्ये निघाले. तेव्हा त्यांना पुणे सोडून अठ्ठावीस वर्षे झाली होती. 1961 मध्ये ते वारले. भारतातील शेती-समाजावरचे त्यांचे लेख डॅनियल थॉर्नर यांनी एकत्र करून 1967 मध्ये प्रसिद्ध केले.

पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवड शहरात आहे. तिथे शेत शोधावे लागते. पण इमारतीच्या पायासाठी खणलेला खड्डा दिसला तर थांबून त्याची भिंत पाहावी. फुगणारी काळी माती पायाला चालत नाही, म्हणून बांधकामवाले ती काढून टाकतात आणि खालचा मुरूम गाठतात. तो थर किती खोलीवर लागला, हे तिथल्या मुकादमाला विचारले की तो लगेच सांगतो.